दूरच्या दाराची किल्ली

बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेकडे येऊ लागले की शाहपूर लागते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर ते हे नव्हे. हे शाहपूर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, केळीच्या बागांच्या मुलुखात वसलेले आहे. राज्य मध्य प्रदेशाचे, परंतु मराठी येथे घरची भाषा म्हणून कानी पडते. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या डोंगरावर असीरगड उभा आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी जुनी वाट या गडाच्या नजरेखालून जाते. म्हणूनच त्यास दख्खनचा दरवाजा म्हणत.

या गडावर १८१९ साली एक प्रसंग घडला. गड शिंद्यांचा होता. दौलतराव शिंदे ग्वाल्हेरीस आणि त्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड असीरगडावर. १८१७ च्या नोव्हेंबरात झालेल्या तहान्वये असीरगड काही काळापुरता इंग्रजांच्या स्वाधीन करावयाचा होता. तसा उघड हुकूमही सुटला. परंतु किल्लेदाराने गड सोडला नाही. उलट, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांना तेथे आसरा मिळाला. शेवटी डव्हटन आणि माल्कम या सेनानींनी गडास वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. गडावरील कागदांत इंग्रजांस खुद्द दौलतरावांचे पत्र सापडले. ते उघड हुकुमाच्या विरुद्ध वागण्यास किल्लेदाराला बळ देणारे होते. परिणाम असा झाला की गड इंग्रजांनी कायमचा आपल्याकडे ठेवून घेतला.

हुकूम देणारा एका ठिकाणी, हुकूम पाळणारा शेकडो मैलांवर, आणि मधला मुलूख परका, अशी ही स्थिती होती. अशा स्थितीत हुकूम खरा कोणता हे कसे ओळखावे? तो वाटेत कोणी वाचला तर? आणि जपून ठेवलेला कागद उद्या वैऱ्याच्या हाती लागला तर? राज्यकर्त्यांना शतकानुशतके छळणारे हे प्रश्न आज सामान्य माणसाच्या घरी येऊन पोहोचले आहेत. दूर कोठेतरी असलेल्या संगणकात घरबसल्या प्रवेश करून त्यास हुकूम देणारा प्रत्येक जण हा एका परीने ग्वाल्हेरीस बसलेला धनीच होय. त्याच्या हुकुमाची वाट सुरक्षित करणारे जे साधन आज जगभर वापरले जाते, त्यास सिक्युअर शेल, किंवा थोडक्यात एसएसएच, असे म्हणतात. त्याचा इतिहास समजून घ्यावयाचा तर प्रथम संकट कोणते, हे पाहिले पाहिजे.

तीन संकटे

दूरच्या निरोपावर तीन प्रकारची संकटे येतात आणि मराठ्यांच्या इतिहासाने ती तिन्ही भोगली आहेत.

पहिले संकट म्हणजे निरोप तिऱ्हाइताने वाचणे. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांच्या हाती एका सावकारी पत्राचा कासीद लागला. पत्र औरंगाबादेकडे निघाले होते आणि पेशव्यांसाठी लिहिलेले नव्हते. त्यात पराभवाची वार्ता मोत्यांच्या, मोहरांच्या आणि खुर्द्याच्या भाषेत सांगितली होती. पेशव्यांनी ते उघडले आणि घरातील कोण गेले, सरदार किती गेले, हे त्यांना तत्काळ उमगले. सांकेतिक भाषा होती, पण संकेत इतका ओळखीचा होता की भलत्याच वाचणाऱ्यालाही तो कळला. ज्याला व्यवहाराची परिभाषा ठाऊक आहे त्याच्यापुढे असे कुलूप टिकत नाही.

दुसरे संकट म्हणजे निरोपातील मजकूर बदलणे. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला. मूळ चिठ्ठीत त्यांना 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, अशी आख्यायिका आहे. तिची शहानिशा इतिहासकारांनी करावी. तथापि ती मराठी माणसाच्या मनात इतकी खोल रुजली याचे कारण उघड आहे. एक अक्षर फिरले की हुकुमाचा अर्थ फिरतो, आणि चिठ्ठी मात्र वरून पहिल्यासारखीच दिसते. जुन्या कारकुनांना या धोक्याची पुरती जाणीव होती. म्हणून पत्राच्या आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब करण्याचा रिवाज असे. मोर्तब उठले की मजकूर संपला. त्याखाली कोणी ओळ वाढविली तर ती खोटी.

तिसरे संकट तोतयाचे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु पुढे एक इसम मीच भाऊ म्हणून उभा राहिला. तो कैदेत असता १७७६ साली रत्नागिरीस सुटला आणि कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या ताब्यात जाऊ लागले. किल्ल्यांचे बुरूज मजबूत होते आणि तोफा जागच्या जागी होत्या. तरी दरवाजे उघडले गेले, कारण दारात उभा असलेला माणूस खरा धनी आहे, असे पुष्कळांनी मानले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्याला देहान्त शासन झाले, पण तोवर फार मोठी उलथापालथ होऊन गेली होती.

गुप्तता, मजकुराचा अखंडपणा आणि ओळखीची खात्री या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच दूरचा हुकूम विश्वासार्ह ठरतो. त्यांपैकी एक जरी ढळली तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

उघड्या कार्डावरचा परवलीचा शब्द

आता संगणकाकडे वळू. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रात शिरण्याची कल्पना इंटरनेटइतकीच जुनी आहे; किंबहुना इंटरनेटचा जन्मच त्या प्रयत्नातून झाला. अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश करण्यासाठी 'लॉगिन' हा शब्द टंकण्यास आरंभ केला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. अर्पानेटच्या जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश तो हाच. थोड्याच वेळात दुरुस्ती होऊन प्रवेश साधला.

पुढे या कामासाठी टेलनेट नावाची पद्धत रूढ झाली आणि १९८३ साली आरलॉगिन ही तिची धाकटी बहीण आली. त्या काळी जाळ्यावर असत ती विद्यापीठे आणि संशोधनसंस्था. सारे एकमेकांच्या ओळखीचे; चोरीची शंका कोणाला यावी? टेलनेटमध्ये माणूस जे जे अक्षर दाबी ते ते जसेच्या तसे तारेवरून जाई. त्यात त्याचा परवलीचा शब्दही आला. टपालाचे उदाहरण घेतले तर हे पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठविण्यासारखे होते. आरलॉगिनमध्ये तर अमुक पत्त्यावरून आला म्हणजे तो आपलाच माणूस, असे मानून शब्द न विचारताही दार उघडण्याची सोय होती. पत्ता खोटा सांगता येतो, एवढे एकच त्यात विसरले गेले.

एकाच तारेवर अनेक यंत्रे जोडलेली असत. त्यांपैकी एक जरी कोणी बळकावले तरी शेजारून जाणारा सारा मजकूर त्याला टिपून घेता येई. असेच घडले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'सर्ट' या पथकाने ३ फेब्रुवारी १९९४ रोजी जाहीर इशारा दिला की, जाळ्यावर कान लावून बसलेल्या चोरांनी दहा हजारांच्या पटीत मोजावे लागेल इतक्या यंत्रांचे प्रवेशशब्द हस्तगत केले आहेत. जाळे आता ओळखीच्यांचे राहिले नव्हते, आणि रीत मात्र जुनीच चालू होती.

बावीस क्रमांकाचे दार

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात अशीच चोरी झाली. तेथील तातू युलोनेन या तरुण संशोधकाने त्यावर उपाय करावयाचे ठरविले. टेलनेट व आरलॉगिन यांच्या जागी तसेच काम करणारा, परंतु सारा व्यवहार कूटरूपात नेणारा एक कार्यक्रम त्याने लिहिला आणि त्याचे नाव सिक्युअर शेल असे ठेवले. 'शेल' म्हणजे संगणकास लेखी हुकूम देण्याची खिडकी. ती आता सुरक्षित झाली, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे.

संगणकात प्रत्येक सेवेला दाराचा एक क्रमांक नेमून दिलेला असतो. फायली पाठविण्याच्या सेवेचे दार एकविसावे, टेलनेटचे तेविसावे. मधले बाविसावे रिकामे होते. युलोनेनने क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला साधे विनंतीपत्र लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी तो क्रमांक त्याला मिळाला. जुलै १९९५ मध्ये त्याने आपला कार्यक्रम मूळ लेखनासह लोकांना फुकट उपलब्ध करून दिला. वर्ष संपता संपता सुमारे ५० देशांतील २०,००० माणसे तो वापरू लागली होती. त्या काळी अमेरिकेचा कायदा बळकट कूटविद्येस युद्धसामग्रीत मोजी आणि तिच्या निर्यातीवर बंधने घाली. फिनलंडमध्ये तशी आडकाठी नव्हती, हेही या प्रसारास साहाय्यक झाले.

याच सुमारास भारतात काय चालले होते? शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट जाळे १९८६ पासून उभे राहत होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला होता. आणि सर्वसामान्य भारतीयांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेटची सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे सिक्युअर शेल जगापुढे आल्यानंतर अवघ्या महिनाभराने. आपल्या देशाने घराचे दार उघडले त्या वेळी चांगले कुलूप नुकतेच बाजारात आलेले होते. अर्थात ते वापरण्याची सवय लागावयास पुढे बरीच वर्षे गेली.

उघड्या बाजारात ठरलेले गुपित

हे कुलूप चालते कसे? परक्या वाटेवरून बोलणाऱ्या दोघांनी, आधी कधीही न भेटता, एक गुपित अंक ठरवावयाचा आहे आणि बाजारात सारे लोक ऐकत आहेत. वरवर पाहता हे अशक्य वाटते. परंतु १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन गणितज्ञांनी त्याची रीत जाहीर केली. शाळेतील मुलालाही ताडून पाहता येईल असे एक लहान उदाहरण घेऊ.

दोघांनी सर्वांदेखत ठरविले की, आधार ३ आणि भाजक १७. ग्वाल्हेरच्या धन्याने मनात ६ हा अंक धरला. ३ ला सहा वेळा घेऊन गुणाकार केला तर ७२९ येतात; त्यास १७ ने भागता बाकी १५. हा १५ त्याने मोठ्याने सांगितला. असीरच्या किल्लेदाराने मनात ७ धरला. ३ चा सात वेळा गुणाकार २१८७. १७ ने भागता बाकी ११. हा ११ त्याने मोठ्याने सांगितला. आता धन्याने ऐकलेल्या ११ चा आपल्या मनातील अंकाइतका, म्हणजे सहा वेळा, गुणाकार करून १७ ने भागावे. बाकी ८ येते. किल्लेदाराने १५ चा सात वेळा गुणाकार करून १७ ने भागावे. त्याचीही बाकी ८. दोघांकडे ८ हा अंक आला, पण तो कोणीही उच्चारलेला नाही. ऐकणाऱ्याला ३, १७, १५ आणि ११ एवढेच ठाऊक. हे अंक लहान आहेत म्हणून चाचपडत उत्तर काढता येईल. प्रत्यक्षात मात्र अंक शेकडो आकडी असतात, आणि आजच्या यंत्रांनी उलट वाटेने मनातील अंक शोधावयाचा म्हटले तर व्यवहारात ते जमत नाही.

सिक्युअर शेल प्रत्येक भेटीस असा नवा अंक सिद्ध करतो, त्यावरून सारा मजकूर कूटरूपात नेतो आणि भेट संपली की तो अंक टाकून देतो. असीरगडावरचा कागद जपून ठेवला गेला आणि म्हणूनच गुपित फुटले. येथे जपून ठेवण्यासारखे काही उरतच नाही. दारावरची किल्ली उद्या चोराच्या हाती पडली तरी कालचे बोलणे त्याला उलगडता येत नाही.

'ध' चा 'मा' होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर एक गणिती मोर्तब जाते. ते त्या गुपित अंकावरून आणि मजकुरावरून मिळून काढलेले असते. वाटेत एक अक्षर जरी हलले तरी मोर्तब जुळत नाही आणि संभाषण तेथेच तुटते.

राहिला तोतया. त्यासाठी जोडकिल्ल्यांची रीत आहे. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्यांची जोडी असते. एक उघडी, जगाला दाखवावयाची, आणि एक खाजगी, कोणाला न दाखवावयाची. आपली उघडी किल्ली आपण दूरच्या यंत्रावर नोंदवून ठेवतो. प्रवेशाच्या वेळी त्या भेटीपुरत्या मजकुरावर आपण खाजगी किल्लीने गणिती सही करतो, आणि ती खरी की खोटी हे पलीकडचे यंत्र उघड्या किल्लीने ताडून पाहते. खाजगी किल्ली घराबाहेर जातच नाही. ती आपल्याजवळ आहे एवढेच सिद्ध होते. परवलीच्या शब्दात आणि यात मोठा फरक आहे. शब्द दुसऱ्याच्या दारात जाऊन उच्चारावा लागतो, आणि दारवानच लबाड असला तर तो त्याला कळून चुकतो.

ओळख एकेरी असून भागत नाही. आपण यंत्राला ओळख पटवितो तशी यंत्रानेही आपल्याला पटविली पाहिजे. नाहीतर आपण तोतयाच्याच दारात उभे राहून हुकूम सोडू. म्हणून प्रत्येक यंत्राची स्वतःची जोडकिल्ली असते. पहिल्या भेटीत तिचा ठसा, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, आपल्यापुढे येते आणि प्रश्न विचारला जातो: या यंत्राची ओळख मला ठाऊक नाही, पुढे जाऊ का? एकदा होकार दिला की तो ठसा लिहून ठेवला जातो, आणि पुढे कधी तो बदललेला आढळला तर मोठ्याने इशारा मिळतो.

भुयारी पाणी

या साधनाचा आणखी एक उपयोग समजावून सांगण्यास बऱ्हाणपूरचेच उदाहरण सोयीचे आहे. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तेथे कुंडी भंडारा नावाची पाणीयोजना बांधली गेली. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालील भुयारातून शहराकडे नेलेले आहे, आणि वाटेत हवा व उजेड यांसाठी शंभरांवर कुंड्या खोदलेल्या आहेत. भुयारातले पाणी उन्हाने आटत नाही, आणि उघड्या तळ्यात वैरी विष कालवील ही भीतीही त्यास कमी.

सिक्युअर शेलमध्ये असेच भुयार काढता येते. एखादी जुनी सेवा, जिला स्वतःचे संरक्षण नाही, ती या कूटमार्गाच्या पोटातून नेली तर वरच्या जमिनीवरून चालणाऱ्याला आत काय वाहते आहे ते दिसत नाही. फायली नेणेआणणे याच वाटेने होते. दूरच्या दूरच्या यंत्रांवरचे काम एका खोलीत बसून करता येते ते यामुळेच. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकाकडे वळणारे संशोधक आपले प्रश्न घेऊन जातात ते याच दारातून.

सुरक्षिततेबरोबर सोयही वाढली, हा या साधनाचा विशेष आहे. एरवी कुलूप मजबूत केले की घरच्यांचीच अडचण होते. येथे मात्र दूरच्या यंत्राचा लांबलचक पत्ता, आपले तेथील नाव आणि कोणती किल्ली वापरावयाची ते एकदाच एका फायलीत लिहून ठेवले की पुढे एक छोटेसे टोपणनाव पुरते. खाजगी किल्लीला स्वतःचे वाक्यकुलूप घालता येते. ते दिवसातून एकदा उघडले की एजंट नावाचा सहायक दिवसभर किल्ली सांभाळतो आणि प्रत्येक दारात पुन्हा पुन्हा शब्द टंकावा लागत नाही. सुरक्षित वाट सोयीची झाली, म्हणून लोकांनी जुनी वाट सोडली. नुसत्या उपदेशाने ती सुटली नसती.

या साधनाच्या पहिल्या आवृत्तीत काही दोष होते. मजकुराची मोर्तब कच्ची होती आणि तिच्यातून फसवणूक करता येई, असे १९९८ साली उघड झाले. मग नवी, अधिक भक्कम दुसरी आवृत्ती रचली गेली आणि २००६ च्या जानेवारीत तिचे नियम इंटरनेटच्या अधिकृत मानकांत प्रसिद्ध झाले. दरम्यान युलोनेनने स्वतःची कंपनी काढली होती आणि पुढील आवृत्त्यांवर अटी आल्या होत्या. तेव्हा ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी एक जुनी, मोकळी आवृत्ती घेऊन तिची साफसफाई केली आणि डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच या नावाने सर्वांस खुली केली. आज जगात बहुतेक ठिकाणी चालते ते हेच रूप. २०१८ पासून विंडोजमध्येही ते मिळू लागले. भविष्यातील क्वांटम संगणक जुने गणित फोडतील या धास्तीने २०२२ पासून त्यात नव्या प्रकारचे गणितही जोडले गेले आहे.

गड आतून पडतो

एवढे सारे झाल्यावर दूरचे दार अभेद्य झाले काय? येथे पुन्हा असीरगडाकडे पाहिले पाहिजे. अकबराने १६०० साली या गडास वेढा घातला. गड इतका दुर्गम होता की महिनोन्‌महिने झुंजूनही तो बळाने घेता आला नाही. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूरशहा त्या वर्षाच्या डिसेंबरात बोलणी करण्यास बाहेर आला आणि अडकवला गेला. पुढे १७ जानेवारी १६०१ रोजी गड स्वाधीन झाला. तो कशाने, याविषयी दोन वृत्तान्त आहेत. अबुल फजलच्या लेखनात गडावर पसरलेल्या रोगराईवर भर आहे. स्वारीबरोबर असलेल्या जेसुइट पाद्र्यांच्या पत्रांवर आधारलेल्या वृत्तान्तात मात्र आतील अधिकाऱ्यांना वाटलेल्या द्रव्याची कथा येते. कोणताही खरा माना. तट फोडून शत्रू आत शिरला, असे दोहोंतही नाही.

आता २०२४ चा मार्च महिना पाहा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, आपल्या यंत्रात सिक्युअर शेलने प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो. दुसरा कोणी असता तर सोडून देता. त्याने कारण शोधत नेले आणि २९ मार्च रोजी जगाला कळविले की, एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या उपकरणात कोणीतरी चोरदार बसविले आहे. काही लिनक्स प्रणालींत ते उपकरण सिक्युअर शेलच्या दारवानाशी अप्रत्यक्षपणे जोडलेले होते. चोरदाराची किल्ली ज्याच्याजवळ असेल त्याला अशा यंत्रांत शिरता आले असते. हे काम 'जिया तान' या टोपणनावाने वावरणाऱ्या कोणा अज्ञाताचे. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त कामे करून, एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या दमलेल्या गृहस्थाचा विश्वास संपादन केला होता. सुदैवाने ते दूषित रूप फार पसरण्यापूर्वीच पकडले गेले.

येथे गणित हरले नव्हते, कूट कोणी फोडले नव्हते. चारशे तेवीस वर्षांनंतरही दुर्गम गडाकडे जाणारी वाट माणसाच्या विश्वासातूनच गेली. आणि तो गड वाचला तोही एका माणसाच्या जागरूकतेनेच.

यावरून सामान्य वापरणाऱ्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, पहिल्या भेटीचा तो प्रश्न. बहुतेक जण त्यास न वाचता होकार देतात. वास्तविक यंत्राच्या व्यवस्थापकाकडून त्याचा ठसा दुसऱ्या मार्गाने, फोनवर किंवा समक्ष, मागवून ताडून पाहिला पाहिजे. कोकणातील किल्लेदारांना तोतयाची पारख करण्यास सवड मिळाली नसेल. येथे दोन मिनिटे पुरतात. आणि ठसा बदलल्याचा इशारा आला तर कारण समजेपर्यंत पुढे जाऊ नये. यंत्र नवे बसविले असेल, तर व्यवस्थापक तसे सांगेल.

दुसरी गोष्ट, परवलीच्या शब्दावर विसंबू नये. इंटरनेटवर उघड असलेल्या बाविसाव्या दारावर अनोळखी यंत्रे रात्रंदिवस शब्दांचे अंदाज बांधीत टकटक करीत असतात. जोडकिल्ली वापरून शब्दाचा प्रवेशच बंद केला तर ती टकटक व्यर्थ जाते. तिसरी गोष्ट, खाजगी किल्ली वाक्यकुलपाशिवाय ठेवू नये, कोणास ईमेलने पाठवू नये, आणि एजंटला परक्या यंत्रावर आपल्यामागून नेऊ नये. तेथील व्यवस्थापकाला तिचा वापर करता येतो. चौथी गोष्ट, नोकर सोडून गेला की त्याची उघडी किल्ली यंत्रावरून त्याच दिवशी काढावी. जुन्या वाड्यांत कारभारी बदलला की कुलपे बदलीत, तसेच हे आहे. आणि पाचवी, दुरुस्तीच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्यात.

शाहपूरसारख्या गावातील मुलगा आज घरी राहून इंदूरच्या किंवा पुण्याच्या यंत्रावर काम करू शकतो. पूर्वी ज्या वाटेने जासूद घोडे दामटीत जात, त्याच मुलुखावरून त्याचे हुकूम क्षणार्धात जातात. वाटेत ते कोणास वाचता येत नाहीत, बदलता येत नाहीत, आणि त्याचे सोंग घेऊन दुसऱ्यास ते सोडता येत नाहीत. एवढी हमी दौलतराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या कोणत्याही जासुदास देता आली नसती. तथापि ती हमी वाटेपुरती आहे. दोन्ही टोकांना माणसेच आहेत, आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे याची चौकशी ज्याची त्यानेच ठेवावयाची आहे.